३ किलोवॅट सोलरचं कोटेशन: 'इतर साहित्य १ संच' या ओळीत नेमकं काय असतं?

कोयनाकाठ

नमस्कार मंडळी,
कराडजवळ एकमजली घर, आरसीसी स्लॅब, सिंगल फेज, महावितरणचं कनेक्शन. महिन्याला २८० ते ३२० युनिट जातात. पीएम सूर्यघर योजनेतून ३ किलोवॅटचं ऑन-ग्रिड (म्हणजे बॅटरीशिवाय, थेट महावितरणच्या लाईनला जोडलेलं) सोलर बसवायचं आहे. दोन कोटेशनं हातात आहेत आणि त्यांच्यात ३२ हजारांचा फरक आहे. पॅनल दोघांचेही ५४० वॅटचे, सहा नग, डीसीआर (म्हणजे भारतात बनलेले). इन्व्हर्टरही तोडीस तोड. स्वस्तवाल्याने बाकी सगळं 'स्ट्रक्चर, एसीडीबी, डीसीडीबी, केबल, अर्थिंग, एलए: १ संच' असं एका ओळीत उरकलंय (एलए म्हणजे वीजरोधक). महागवाल्याने त्याच्याच चौदा ओळी केल्यात.

विचारायचं ते असं:
१. इन्व्हर्टरला स्वतःचा स्विच असताना एसीडीबी आणि डीसीडीबी हे दोन डबे कशाला?
२. अर्थिंगचे तीन खड्डे खरंच लागतात की बिल फुगवायला?
३. घरात १५० एएचच्या बॅटरीवरचा जुना इन्व्हर्टर आहे. लाईट गेल्यावर दिवसा सोलर चालेल का?
४. सोलरचा इन्व्हर्टर वर जिन्याच्या खोलीत लावावा की खाली मीटरपाशी? अंतर २५ मीटर भरतं.

---

सर्किटब्रेकर

३२ हजारांचा फरक त्या एका ओळीतच आहे. वरून खाली येऊ.

पॅनल: ५४० वॅटच्या पॅनलमागच्या स्टिकरवर साधारण असे आकडे असतात: ओपन सर्किट व्होल्टेज ४९.५, चालू असतानाचं व्होल्टेज ४१.५, करंट १३ अँपिअर, शॉर्ट सर्किट करंट १३.९. सहा पॅनल एकामागे एक जोडले की त्याला स्ट्रिंग म्हणायचं. व्होल्टेजची बेरीज होते, करंट तेवढाच राहतो. म्हणजे गच्चीवरून खाली येणाऱ्या दोन तारांत मोकळ्या अवस्थेत २९७ व्होल्ट डीसी आणि चालू असताना २५० च्या आसपास. थंडीत व्होल्टेज वाढतं. दर अंशाला सुमारे ०.२७ टक्के, त्यामुळे १० अंशांच्या पहाटे ३०९ पर्यंत जाईल. ५००-६०० व्होल्टच्या इन्व्हर्टरला हे सहज झेपतं. उन्हाळ्यात उलट: पॅनलची काच आणि सेल ६५ अंशांवर गेले की चालू व्होल्टेज २१५ च्या घरात येतं. ही दोन टोकं इन्व्हर्टरच्या डेटाशीटमधल्या एमपीपीटी रेंजमध्ये (तो ज्या व्होल्टेजवर नीट काम करतो त्या मर्यादेत) बसतात का, एवढं बघा. सहा पॅनलना बहुतेक बसतातच. तीनच पॅनल लावणाऱ्यांची गोची होते.

डीसीडीबी: हा डबा पॅनल आणि इन्व्हर्टर यांच्या मध्ये. आत डीसी एमसीबी किंवा आयसोलेटर, सर्ज प्रोटेक्टर (एसपीडी) आणि बहुधा फ्यूज. इथे सगळ्यात जास्त फसवणूक होते ती एसी एमसीबी घालून. एसी करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, म्हणून स्विच उघडताना पडलेली ठिणगी आपसूक विझते. डीसीला शून्य नाही. ती ठिणगी तशीच जळत राहते आणि डबा वितळतो. एमसीबीवर 'डीसी' आणि निदान ५०० व्होल्ट छापलेलं असलं पाहिजे. काही डीसी एमसीबींना प्लस-मायनसची दिशा असते. उलट जोडला तर ऐनवेळी तोही विझवत नाही. बाणाची किंवा प्लसची खूण बघूनच जोडायला सांगा.

फ्यूजबद्दल: एकच स्ट्रिंग असेल तर फ्यूजची तांत्रिक गरज नाही. तो तीन किंवा जास्त स्ट्रिंग समांतर असताना, बाकीच्यांचा करंट एका बिघडलेल्या स्ट्रिंगमध्ये उलटा घुसू नये म्हणून असतो. तयार डब्यात येतोच, तर येऊ द्या. पण तो १५ अँपिअरचा नको. रोज १३ अँपिअर वाहून बंद डब्यात तो तापत राहतो, होल्डर सैल होतो आणि एप्रिलात जळतो. मग पॅनल बिघडलं म्हणून आरडाओरडा. २० किंवा २५ घ्या, आणि पॅनलच्या स्टिकरवरच्या कमाल फ्यूजच्या आकड्याच्या वर जाऊ नका.

एसपीडी: जवळपास वीज पडली की तारेत उसळणारा दाब जमिनीत सोडणारा भाग. याला छोटी खिडकी असते. हिरवी म्हणजे ठीक, लाल म्हणजे तो कामी आला, कार्ट्रिज बदला. पावसाळ्याआधी आणि नंतर बघायचं. ज्याची अर्थ वायर दोन-तीन मीटर गोल गुंडाळून ठेवलीय तो एसपीडी असून नसल्यासारखा. ती वायर शक्य तितकी आखूड आणि सरळ हवी.

केबल: डीसीला ४ स्क्वेअर एमएमची टिन केलेल्या तांब्याची सोलर केबल, लाल आणि काळी. घरगुती पीव्हीसी वायर गच्चीवरच्या उन्हात तडकते. जोडणीला एमसी-४ कनेक्टर. दोन वेगळ्या कंपन्यांचे नर-मादी एकमेकांत बसतात म्हणून जोडू नयेत. आतल्या पत्र्याचं माप केसभर वेगळं असतं, संपर्क अपुरा राहतो आणि तो सांधा तापून वितळतो. पॅनलला जे आले आहेत त्याच कंपनीचे मागवायचे आणि क्रिंपिंगच्या पक्कडनेच दाबायचे. साध्या पक्कडने दाबलेला एमसी-४ दोन उन्हाळे काढत नाही.

इन्व्हर्टर: डीसीचं एसी करतो, दर क्षणी पॅनलमधून जास्तीत जास्त ओढता येईल असं व्होल्टेज शोधतो (हेच ते एमपीपीटी) आणि ग्रिडच्या तालावर चालतो. ग्रिड गेलं की लगेच बंद. त्याला पर्याय नाही. खांबावर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवाचा प्रश्न आहे. तेव्हा तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: नाही. दिवसा लाईट गेली की ऑन-ग्रिड सोलरही गेलं. लाईट आल्यावरही तो एक ते पाच मिनिटं ग्रिड तपासून मगच चालू होतो. बिघडलाय असं समजू नका.

एसीडीबी: इन्व्हर्टरच्या पुढचा डबा. ३००० भागिले २३० म्हणजे १३ अँपिअर, तर दोन पोलचा २० अँपिअर सी-कर्व्ह एमसीबी आणि एसी एसपीडी. १६ चा लावला तर मे महिन्यात भर दुपारी पडत राहतो, कारण डबा उन्हात आणि करंट सलग चार तास. शिवाय ही लाईन घरातल्या ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीच्या (गळती दिसली की वीज तोडणाऱ्या स्विचच्या) मागे जोडू देऊ नका. ट्रान्सफॉर्मर नसलेल्या इन्व्हर्टरची थोडी गळती असतेच, पावसात वाढते, आणि अख्ख्या घराची वीज विनाकारण जाते.

---

गच्चीवरचा

वरच्या प्रतिसादात स्ट्रक्चर राहिलं, आणि पैसे वाचवायला एजन्सीवाले आधी तिथेच हात घालतात.

एक पॅनल २२७८ बाय ११३४ मिलिमीटर, वजन २८ किलोच्या आसपास, दोन्हीकडून काच असेल तर ३२. सहांचं क्षेत्रफळ साडेपंधरा चौरस मीटर. वजनाची चिंता नको, आरसीसी स्लॅबला ते काहीच नाही. चिंता वाऱ्याची. वळवाच्या पावसाआधीचा वारा पॅनलला खालून उचलतो, शीड उचलावं तसा. त्यामुळे खालचे ठोकळे आणि बोल्ट यांची ताकद दाबाला नव्हे, उपसायला लागणाऱ्या जोराला हवी. ३०० बाय ३०० बाय ३०० मिलिमीटरचा काँक्रीटचा ठोकळा सुमारे ६५ किलोचा भरतो. स्लॅबवर नुसता ठेवलेला ठोकळा आणि स्लॅबला अँकर केलेला ठोकळा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. वॉटरप्रूफिंग केलेल्या गच्चीत भोक पाडायचं असेल तर केमिकल अँकर आणि वरून सीलंट, दोन्ही लिहून घ्या. 'भोकच पाडत नाही' म्हणणाऱ्याला ठोकळ्यांचं एकूण वजन विचारा.

लोखंड हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड, ८० मायक्रॉन. पातळ प्री-जीआय (आधीच जस्ताचा पातळ थर दिलेला) पाईप कापून, वेल्डिंग करून वर चंदेरी रंग मारलेला असेल तर तो सांधा तिसऱ्या पावसाळ्यात गंजलेला दिसेल. जागेवर वेल्डिंग नकोच, नट-बोल्टचं स्ट्रक्चर घ्या. बोल्ट स्टेनलेस ३०४. (कराडला एवढं पुरतं. रत्नागिरी-मालवणकडच्या वाचकांनी ३१६ मागावं, खाऱ्या हवेत ३०४ लाही तांबूस डाग पडतात.)

दिशा दक्षिण, कल १५ ते २० अंश. तुमचा अक्षांश १७ च्या आसपास आहे. दोन-चार अंश इकडेतिकडे झाल्याने बिलात कळणारही नाही. सावली मात्र कळते. पाच फूट उंच टाकीची सावली डिसेंबरात सकाळी साडेनऊला आठ-नऊ फूट वायव्येकडे जाते, दुपारी उत्तरेला साडेचार फूट. पॅनलमध्ये तीन बायपास डायोड असतात, सावली पडलेला तिसरा हिस्सा ते वगळतात, म्हणून एका पॅनलवरच्या सावलीने अख्खी स्ट्रिंग झोपत नाही. पण रोज तास-दोन तास तो हिस्सा गेला. टाकी हलवणं हे ऑप्टिमायझर (प्रत्येक पॅनलला स्वतंत्र चालवणारा डबा) लावण्यापेक्षा स्वस्त पडतं. आणि पाहणी कुणी मे महिन्यात करून गेला असेल तर त्याला सावली दिसलेलीच नाही.

पॅनल वर चढवण्याआधी प्रत्येकाच्या सीरियल नंबरचा फोटो काढा. सबसिडीच्या पोर्टलवर तेच नंबर जातात. नंबर जुळले नाहीत की गाडी तिथे अडते.

---

कोयनाकाठ

दोघांचेही आभार. टाकी आग्नेय कोपऱ्यात आहे, म्हणजे मोजून बघावंच लागेल.

जुन्या इन्व्हर्टरचं थोडं उलगडून सांगा. एजन्सीचा माणूस म्हणाला, 'सोलर त्याच्या लाईनवर टाकतो, म्हणजे लाईट गेल्यावरपण चालेल.' आणि चौथा प्रश्न राहिलाच.

---

सर्किटब्रेकर

तसं अजिबात करू देऊ नका.

त्याच्या डोक्यातली युक्ती अशी: लाईट गेली की जुना इन्व्हर्टर २३० व्होल्ट देतो, सोलरच्या इन्व्हर्टरला वाटतं ग्रिड आलं, तो चालू होतो. प्युअर साईन वेव्हवर खरोखरच चालू होऊ शकतो, इथेच धोका. सोलर २५०० वॅट ढकलतंय, घरात पंखे-दिवे मिळून ३०० वॅट लागतायत, उरलेले २२०० जातील कुठे? जुन्या इन्व्हर्टरच्या आउटपुटमधून उलटे आत. त्याची रचना वीज द्यायची आहे, घ्यायची नाही. एक तर त्यातले मॉसफेट (वीज चालू-बंद करणारे ट्रान्झिस्टर) उडतात, नाहीतर बॅटरी बेफाम चार्ज होऊन उकळते.

सोलरची लाईन मेन स्विचपाशी, जुन्या इन्व्हर्टरच्या इनपुटच्या बाजूला जोडायची, आउटपुटच्या बाजूला कधीच नाही. मग दिवसा लाईट असताना बॅटरी आपोआप सोलरच्या विजेवर चार्ज होईल आणि लाईट गेल्यावर आत्तासारखीच पंखे-दिवे चालवील. काम झाल्यावर तपासणी सोपी आहे: भर उन्हात मेन स्विच पाडा. घरातले दिवे जुन्या इन्व्हर्टरवर चालू राहिले पाहिजेत आणि सोलरचा इन्व्हर्टर बंद झाला पाहिजे. पाच-सात मिनिटं थांबा. तो परत चालू होताना दिसला तर जोडणी चुकलेली आहे.

दिवसा दोन-दोन तास लाईट जात असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि लिथियम बॅटरीचा विचार करा, पण तो खर्च वेगळा आणि सबसिडी त्यामुळे वाढत नाही.

आता जागा. मीटरपाशी. कारण नुसता वीजनाशाचा नाही. तुमच्याकडे स्ट्रिंगचं व्होल्टेज २५० आणि ग्रिडचं २३०, म्हणजे दोन्हीकडे १३ अँपिअरच, नाश सारखाच. फरक असा की एसी बाजूला तारेत पडणारं व्होल्टेज इन्व्हर्टरला ग्रिडच्या वर चढून ढकलावं लागतं. २५ मीटर म्हणजे जाऊन-येऊन ५० मीटर तार. २.५ स्क्वेअर एमएमला सव्वापाच व्होल्ट, ४ ला सव्वातीन, ६ ला दोन. गावाकडच्या फीडरवर दुपारी आधीच २४८-२५० असतं. त्यात हे पाच मिळवले की इन्व्हर्टर 'ग्रिड ओव्हर व्होल्टेज' दाखवून सुटतो, पुन्हा लागतो, पुन्हा सुटतो. नेमकं अकरा ते दोन, जेव्हा कमाई सगळ्यात जास्त. डीसी केबल लांब असेल तर फक्त एक-दीड टक्का जातो, बाकी काही बिघडत नाही. म्हणून लांबी डीसीत घ्या, एसी आखूड ठेवा. वरच ठेवायचा हट्ट असेल तर एसीला ६ स्क्वेअर एमएम तांबं. इन्व्हर्टरची व्होल्टेजची मर्यादा वाढवून देतो म्हणणाऱ्याला 'नको' म्हणा. फ्रिज-टीव्हीलाही तेच व्होल्टेज मिळणार आहे.

खाली लावताना उन्हाची भिंत टाळा आणि चारही बाजूंनी वीतभर मोकळं सोडा. इन्व्हर्टर तापला की स्वतःच उत्पादन कमी करतो.

---

तांबंपट्टी

दुसरा प्रश्न कुणी घेतला नाही. तीन खड्डे असे: डीसीचा (पॅनलच्या फ्रेम, स्ट्रक्चर, डीसी एसपीडी), एसीचा (इन्व्हर्टरची बॉडी, एसीडीबी) आणि वीजरोधकाचा म्हणजे एलएचा. तीन खड्डे हे बिल फुगवणं नाही. रॉड पुरून मीठ-कोळसा टाकायचं न करता बॅकफिल कंपाउंडचे घ्या, दोन खड्ड्यांत निदान दोन-तीन मीटर अंतर, रोध ५ ओहमच्या आत. कराडच्या काळ्या मातीत येईल. खडक लागला तर रॉड आडवा कापून पुरतात आणि वर झाकण लावतात. म्हणून रॉड तुमच्यासमोर ठोकला गेला पाहिजे.

सगळ्या फ्रेम एकमेकींना तारेने जोडलेल्या हव्यात. फ्रेमवर ॲनोडायझिंगचा थर असतो, त्यातून वीज नीट जात नाही. नुसता क्लँप बसला म्हणजे अर्थ झालं असं नाही. थर भेदणारा दातेरी वॉशर नाहीतर फ्रेमच्या अर्थच्या भोकातून लग (तारेच्या टोकाला दाबलेली धातूची कडी).

घराचं जुनं अर्थिंग आहे ना, त्याला जोडू, हे ऐकू नका. जुन्या घरांत ते बहुधा नावापुरतं असतं, आणि न्यूट्रल-अर्थमध्ये दहा-वीस व्होल्ट दिसले की काही इन्व्हर्टर चालूच होत नाहीत.

---

सर्किटब्रेकर

@तांबंपट्टी, सहमत, एक भर. लोक 'तीन वेगळे' याचा अर्थ कुठेच एकमेकांना स्पर्श नको असा घेतात. एलएची उतरती पट्टी वर स्ट्रक्चरला बांधायची नाही. इन्सुलेटरवर, आपल्या वाटेने, कमीत कमी वळणं घेत खाली आणायची. पण जमिनीखाली खड्डे एकमेकांना जोडणं चूक नाही, उलट मानकांचा कल तिकडेच आहे. वीज पडताना एका खड्ड्याचं व्होल्टेज उसळलं आणि दुसऱ्याचं नाही, तर तो फरक इन्व्हर्टरच्या आतून वाट शोधतो.

---

तांबंपट्टी

जमिनीखाली मान्य. माझा रोख एकच तार खाली आणून 'तिन्ही झालं' म्हणणाऱ्यांवर होता. एजन्सीवाल्याला एवढं बारीक सांगितलं की तो सोयीचं तेवढंच ऐकतो.

---

रीडिंगवाला

मीटरचं थोडं. नेट मीटर येतो तो जुन्या मीटरच्या जागी, त्यात आयात आणि निर्यात वेगवेगळी दिसतात. दुसरा जनरेशन मीटर, सोलरने एकूण किती केलं ते मोजणारा. जनरेशनवर १२ आणि निर्यातीत ७ दिसले की फोन येतात, 'पाच युनिट चोरीला गेले.' ते पाच दिवसा तुम्हीच वापरलेत.

बिल आयात वजा निर्यात यावर. शिल्लक युनिट पुढच्या महिन्यात जातात, पण ३१ मार्चला आर्थिक वर्ष संपताना उरतील त्यांचे पैसे कमी दराने मिळतात. त्यामुळे गरजेपेक्षा फार मोठं घेण्यात अर्थ नाही. ३ किलोवॅट सरासरी दिवसाला १२ युनिट देतं, भर पावसाळ्यात निम्म्यावर येतं. तुमच्या ३०० युनिटांना बरोबर आहे. स्थिर आकार मात्र दर महिन्याला येणारच, बिल शून्य होत नाही.

सबसिडी पहिल्या दोन किलोवॅटला ३० हजार प्रत्येकी, तिसऱ्याला १८ हजार, एकूण ७८ हजार. पुढे कितीही वाढवलं तरी तेवढीच.

---

कोयनाकाठ

शेवटचं विचारतो. काम पूर्ण झाल्यावर सही करण्याआधी साध्या मल्टिमीटरने काय तपासता येईल?

---

सर्किटब्रेकर

मल्टिमीटर ६०० व्होल्ट डीसीचा आणि प्रोब धड असलेला हवा, दोनशे रुपयांचा पिवळा नको. वायरमन सोबत असू द्या. २९७ व्होल्ट डीसीने बसलेला झटका सुटत नाही. आणि लोड चालू असताना एमसी-४ कधीच ओढायचा नाही.

डीसीडीबीतला एमसीबी पाडून पॅनलच्या बाजूचं व्होल्टेज मोजा. स्टिकरवरून बेरीज २९७ येते, पण दुपारी तापलेल्या पॅनलना २६५ ते २७५ येईल, ते ठीक. २२५ आलं तर एक पॅनल जोडणीतून सुटलंय. १८० आलं तर एक उलटं जोडलंय. पंधराएक व्होल्टच कमी असतील तर एका पॅनलचा तिसरा हिस्सा गेलाय, म्हणजे बहुधा बायपास डायोड.

मग त्याच अवस्थेत प्लस ते अर्थ आणि मायनस ते अर्थ मोजा. निरोगी स्ट्रिंगला आकडा दिसून हळूहळू शून्याकडे घसरतो. स्थिर राहिला तर कुठेतरी गळती आहे, आणि जागाही तोच आकडा सांगतो. समजा प्लस ते अर्थ ९० आणि मायनस ते अर्थ १८०. एका पॅनलचे ४५ धरले तर प्लसकडून दोन पॅनल सोडून पुढे, दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधल्या तारेत. बहुतेक वेळा तिथे केबल फ्रेमच्या धारेवर घासलेली असते किंवा एमसी-४ स्लॅबवर पाण्यात लोळत असतो. जुलैत सकाळी इन्व्हर्टरवर 'आयएसओ फॉल्ट' (इन्सुलेशनमधून जमिनीकडे गळती) येतो आणि दहा वाजता ऊन पडल्यावर आपोआप जातो, तो हाच. तेव्हा एजन्सीवाला दहानंतरच येतो आणि 'चालू आहे की' म्हणून जातो. त्याला साडेसातला बोलवा.

---

गच्चीवरचा

आणि केबल फ्रेमला बांधायला प्लॅस्टिकचे पांढरे टाय वापरले असतील तर त्याच दिवशी बदलून घ्या. उन्हाने वर्षभरात तुटतात, मग तार खाली लोंबते आणि वरचा आयएसओ फॉल्ट तिथूनच सुरू होतो. काळे यूव्हीवाले किंवा स्टीलचे, आणि कनेक्टर स्लॅबपासून निदान वीतभर वर.